व्हर्च्युअल मशीनमधील उपकरणांचे पत्ते

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, चालवणारे सॉफ्टवेअर सीरियल पोर्ट, घड्याळ, नेटवर्क कार्ड अशा आभासी उपकरणांना गेस्टच्या (त्या मशीनमध्ये चालणाऱ्या सिस्टिमच्या) मेमरी-नकाशात जागा नेमून देते. त्या जागा म्हणजे उपकरणांचे पत्ते. तिथे लिहिले की उपकरण कामाला लागते, तिथून वाचले की उत्तर देते. या पद्धतीला मेमरी-मॅप्ड आयओ म्हणतात.

रॅमचा पत्ता आणि उपकरणाचा पत्ता दिसायला सारखेच. पण रॅम म्हणजे फडताळ, ठेवले तेच परत मिळते. उपकरण म्हणजे वाण्याच्या गल्ल्यावरचा माणूस. त्याला यादी दिली की सामान येते, यादी परत मिळत नाही. आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या लवकर लक्षात येत नाही: उपकरणाला स्वतःचा पत्ता ठाऊकच नसतो. खोलीचा नंबर भाडेकरूचा नसतो, चाळीचा असतो. तसा पत्ता ठरवते ती मशीन. उपकरणाला फक्त आपल्या दारापासून कितव्या पावलावर कोणते रजिस्टर (उपकरणातला छोटा कप्पा) आहे एवढे माहीत असते.

मुंबईत या विषयाचा धागा बराच मागे जातो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकाची मुख्य मेमरी २,०४८ शब्दांची होती. म्हणजे ११ बिटांत प्रत्येक शब्दाचा पत्ता मावत असे. आजच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला हीच गोष्ट ८०८६ हा प्रोसेसर शिकताना भेटते. २० पत्तारेषा, १ एमबीचा आवाका, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ७४१३८ हा डिकोडर, म्हणजे पत्त्यावरून योग्य चिप निवडणारी चिप. ८२५५ या इनपुट-आउटपुट चिपला कोणता पत्ता मिळणार हे डिकोडरला कोणत्या तारा जोडल्या यावर ठरते. तार चुकली की पत्ता बदलला.

फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये (दुसऱ्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या तारांची जागा एका तक्त्याने घेतली आहे. त्याच्या एआरएम प्रोसेसरसाठीच्या ‘व्हर्ट’ या आभासी बोर्डावर सीरियल पोर्ट हेक्स (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीतील) ०९०००००० वर असतो आणि रॅम ४००००००० पासून सुरू होते. गेस्टमधल्या प्रोग्रामने ०९०००००० वर ४१, म्हणजे रोमन ‘ए’चा संकेत, लिहिला असे धरू. केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) वापरात असेल तर त्या पत्त्यामागे रॅम नसल्यामुळे प्रोसेसर गेस्टमधून बाहेर पडतो. होस्टचा, म्हणजे खऱ्या संगणकाचा, कर्नल पत्ता, आकार आणि मूल्य क्यूईएमयूच्या हाती देतो. क्यूईएमयू तक्ता पाहतो, मूळ पत्ता वजा करतो, उरते शून्य. मग सीरियल पोर्टचे लिहिण्याचे फंक्शन बोलावले जाते आणि टर्मिनलवर ‘ए’ उमटतो. एका अक्षरासाठी एवढी यातायात! म्हणूनच व्हर्टआयओ उपकरणे, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच आखलेली उपकरणे, मुख्य माहिती रॅममधल्या रांगांतून नेतात आणि उपकरणाचे दार कमीत कमी वेळा ठोठावतात.

रिस्क-५ प्रोसेसरसाठीच्या ‘व्हर्ट’ बोर्डावर मात्र सीरियल पोर्ट १००००००० वर आणि रॅम ८००००००० पासून. नाव तेच, नकाशा वेगळा. एआरएमवरचा प्रोग्राम पत्ता न बदलता इकडे कंपाइल केला तर टर्मिनल कोरेच राहते, आणि बिचाऱ्या कंपायलरला फुकट शिव्या बसतात.

त्यामुळे पत्ते ठरवणे म्हणजे बहुतेक वेळा मशीनचा प्रकार निवडणे. बोर्डावरची उपकरणे त्यासोबतच जागी बसतात आणि डिव्हाइस ट्री (उपकरणांचे वर्णन करणारी रचना) गेस्टला त्यांची यादी देते. आयएसए या जुन्या पीसी-जोडणीवरच्या सीरियल पोर्टसारख्या थोड्याच उपकरणांचा पत्ता वापरणाऱ्याला स्वतः सांगता येतो.

पीसीआय (संगणकात कार्डे जोडण्याची पद्धत) कार्डांचा कारभार निराळा. कार्ड स्वतःला किती जागा हवी तेवढेच सांगते. जागा कुठे द्यायची ते फर्मवेअर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. कार्डाला दिलेला पत्ता जिथे ठेवतात त्या बेस ॲड्रेस रजिस्टरमध्ये सगळे बिट एक लिहायचे आणि परत वाचायचे. खालचे जे पत्ता-बिट शून्यच राहतात त्यांवरून आकार कळतो. ही जागा पूर्वी ४ जीबीच्या आतच काढत, म्हणून ३२ बिटांच्या सिस्टिमला ४ जीबी रॅममधला काही भाग दिसतच नसे. आता मोठ्या ग्राफिक्स कार्डांसाठी ४ जीबीच्या वर खिडकी ठेवतात, आणि ती अपुरी पडली तर क्यूईएमयूमध्ये वाढवता येते.

नकाशातले दोन प्रदेश एकाच पत्त्यावर आले तर ज्याची प्राथमिकता जास्त तो दिसतो, दुसरा त्याच्याआड झाकला जातो. असा गोंधळ शोधायला क्यूईएमयूच्या मॉनिटरमध्ये (पडदा नव्हे, आदेश देण्याची जागा) ‘इन्फो एमट्री’ हा आदेश द्यावा. सगळा नकाशा प्राथमिकतेच्या आकड्यांसह समोर येतो.