रोबोटचा ब्रश मंदावला म्हणजे मोटर जळाली?

'झाडू मारणाऱ्या रोबोटचा ब्रश हळू फिरू लागला की मोटर गेली समजा, नवा घ्या' हा सल्ला फॅमिली ग्रुपवर फिरत असतो. मिक्सर-पंख्याचा अनुभव पाहता असं वाटणं साहजिक आहे. पण पुष्कळदा मोटर ठणठणीत असते, ब्रशच अडकलेला असतो.

आधी रोबोट बंद करून उलटा करा, वरची पट्टी काढून मधला ब्रश बाहेर घ्या. मधले केस दिसतात म्हणून आपण तेवढेच काढतो. खरी गोम टोकांना असते. तिथली टोपी निघत असेल तर काढा: आत केसांचं घट्ट वेटोळं निघेल, त्यात धूळ दाबून बसलेली. नाशिकमध्ये, विशेषतः शेजारी बांधकाम चालू असेल तर, ती चिमटा घेऊनच काढावी लागते. टोक बोटाने सहज फिरायला हवं.

आता ब्रश न बसवता रोबोट चालू करा. (काही मॉडेलं अशी चालतच नाहीत.) ब्रश अडकवण्याची खाच तरीही थांबतथांबत किंवा घरघरत फिरली, तर मोटर किंवा गिअरवर संशय घ्या. अनेक मॉडेलांत तेवढा भाग वेगळा बदलता येतो. खाच नीट फिरली, तर ब्रश बसवून, पूर्ण चार्ज करून साध्या फरशीवर बघा. जाड गालिच्यावर चांगला ब्रशही दमतो.

कडेच्या ब्रशचा स्क्रू काढून खालचे केस बघा. या ब्रशचे वाकलेले तंतू गरम पाण्यात बुडवले की बरेचदा सरळ होतात.