पाच किलो कायद्याचे, फुकट योजनेचे

रेशनचं धान्य ही 'सरकारची योजना' आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं उठतं. बातम्यांत तेच, भाषणांत तेच, दुकानापुढच्या रांगेतही तेच. लाडकी बहीण, निराधारचा पगार, आनंदाचा शिधा आणि महिन्याचे पाच किलो, सगळं एकाच पोत्यात. यातलं शेवटचं त्या पोत्यातलं नाही.

योजना कशी चालते हे तुम्हाला सांगायला नको. मंत्रालयातून शासन निर्णय, म्हणजे जीआर, निघतो. अटी ठरतात, अर्ज भरले जातात, पैसे येतात. अटी बदलायला दुसरा जीआर पुरतो. लाडक्या बहिणीचा पहिला जीआर 28 जून 2024 चा. 3 जुलैला दुसरा आला, पाच एकर जमिनीची अट गेली आणि वयाची मर्यादा 60 वरून 65 झाली. बदल बायकांच्या सोयीचा होता, म्हणून कुणी हूं का चूं केलं नाही. पण पाच दिवसांत अट जशी निघते तशी ती लागूही शकते.

धान्यामागे आहे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013. प्राधान्य कुटुंबात (कायद्याच्या यादीतलं गरजू कुटुंब) माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला (गरिबांतलं गरीब) 35 किलो. हे आकडे कायद्याच्या कलमातच लिहिलेले आहेत. ते खाली आणायचे तर संसदेत दुरुस्ती मांडावी लागेल आणि ती सगळ्या देशासमोर मंजूर करून घ्यावी लागेल.

एवढ्यावर लोक 'हो, कळलं' म्हणतात आणि तिथेच फसतात. कारण रोजच्या व्यवहारात दोन्ही सारखंच दिसतं. तेच दुकान, तेच ई-पॉस मशीन, तोच अंगठा. फरक दिसतो तो काहीतरी बिघडलं की.

दोन केशरी कार्डं घ्या, दोन्ही मराठवाड्यातली. पहिलं प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे कायद्यातलं. दुसरं कायद्याच्या यादीत न बसलेल्या शेतकऱ्याचं. आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतल्या (मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा) अशा केशरी शेतकऱ्यांना राज्य सरकारने 2015 पासून धान्य सुरू केलं. तेही माणशी 5 किलोच, गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो. बरीच वर्षं दोघे एकाच रांगेत उभे राहून तेवढंच धान्य त्याच दरात नेत होते. कोण कायद्यातला आणि कोण योजनेतला, हे रांगेत कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मग केंद्राकडून या योजनेसाठी मिळणारं धान्य थांबलं. फेब्रुवारी 2023 मध्ये जीआर निघाला, धान्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यात. दुसऱ्या कार्डाचं धान्य बंद झालं आणि पहिल्याचं चालू राहिलं. शेतकऱ्याची काहीच चूक नव्हती, आणि पुरवठा विभागात जाऊन 'माझे पाच किलो कुठे गेले' असं विचारायला त्याच्या हातात एकही कलम नव्हतं.

कार्डाचा रंग एकच, किलो तेवढेच, पण कागद वेगळा. माझ्या मते संपूर्ण फरक एवढाच आहे, बाकीचे फरक किरकोळ.

आता त्याहून अवघड गोष्ट. कधी कधी कायदा आणि योजना एकाच पिशवीत असतात. कोविडच्या काळात कायद्यातल्या पाच किलोंवर आणखी पाच किलो फुकट मिळत होते, ते पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेतून. डिसेंबर 2022 अखेर ते जादाचे पाच थांबले. दहाचे पाच झाले आणि 'दुकानदाराने रेशन कापलं' म्हणून रांगेत भांडणं झाली. दुकानदाराने काही कापलं नव्हतं, योजना संपली होती. मात्र जानेवारी 2023 पासून उरलेले कायद्यातले पाच किलो फुकट झाले, आणि गंमत म्हणजे या फुकटपणालाही पुढे त्याच योजनेचं नाव मिळालं. म्हणजे आज पिशवीतलं वजन कायद्याचं आहे आणि त्यावरचा शून्य रुपये हा भाव मंत्रिमंडळाच्या निर्णयाचा. कायद्याने तांदळाला 3, गव्हाला 2 आणि भरडधान्याला 1 रुपया असे दर बांधले होते, तेही पहिल्या तीन वर्षांपुरते; पुढचे दर ठरवणं केंद्राच्या हातात आहे. उद्या पुन्हा पैसे मोजावे लागले तर त्यात बेकायदेशीर काही नसेल. पाचाचे चार दिले, तर असेल.

आणि न मिळाल्यास काय? कायद्यातलं धान्य सरकारला पुरवता आलं नाही, तर त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्यावर राज्य अन्न आयोग आहे. हा भत्ता पदरात पाडून घेणं सोपं नाही, हे मान्य. पण दार तरी आहे. आनंदाचा शिधा 2022 च्या दिवाळीत सुरू झाला, शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल. 2025 च्या दिवाळीला तो आला नाही. तक्रार कुणाकडे करणार?

'रोख मिळालं तर योजना, वस्तू मिळाली तर हक्क' असा एक समज फिरतो, तो सोडून द्या. याच अन्न कायद्याच्या चौथ्या कलमात गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपये रोख आहेत. त्यासाठी केंद्राने 2017 पासून जी मातृवंदना योजना आणली, तिने पहिल्या अपत्याला 5000 दिले. हक्क योजनेच्या हाती दिला की तो असा आटतो. लोकसेवा हक्क कायद्याचा घोळही तसाच. उत्पन्नाचा दाखला मुदतीत मिळणं हा त्या कायद्याने दिलेला हक्क आहे. त्या दाखल्यावर मिळणारं अनुदान त्यामुळे हक्क होत नाही.

शाळेतली खिचडी उलट दिशेने गेली. आधी ती नुसती योजना होती, तीही बहुतेक ठिकाणी कोरड्या धान्याची. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्यायलाच हवं असा आदेश दिला, किमान 300 उष्मांक, 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षाला किमान 200 दिवस. नाव योजनेचंच राहिलं, पण 'यंदा निधी नाही' हे उत्तर चालेनासं झालं.

'लाभार्थी' हा शब्द मला म्हणूनच खटकतो. लाभ देणारा देतो तेव्हा मिळतो. कायद्यातलं कुटुंब लाभार्थी नाही, हक्कदार आहे, मग पिशवीवर फोटो कुणाचाही असो.

मात्र कायद्याच्या बाजूने बोलताना एक गोष्ट लपवणार नाही. हा हक्क यादीत नाव लागल्यावर सुरू होतो. महाराष्ट्राच्या यादीत सुमारे 7 कोटी माणसं मावतात. याला पुरवठा विभागात इष्टांक म्हणतात, आणि तो 2011 च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव घालायला गेलं की 'इष्टांक शिल्लक नाही' असं उत्तर येतं. यादीच्या आत कायदा आणि दारात मात्र योजनेसारखीच रांग. तेव्हा आपलं कार्ड कुठे आहे ते बघायचं असेल तर रंगावर जाऊ नका. केशरी कार्ड प्राधान्याचंही असतं आणि नुसतं केशरीही. कार्डाच्या बारा अंकी नंबरावरून ऑनलाइन नोंद काढा. तिथे एएवाय (अंत्योदय) किंवा पीएचएच (प्राधान्य कुटुंब) असेल तर तुम्ही कायद्यात आहात. एनपीएच (प्राधान्यात नसलेलं कुटुंब) असेल तर जे मिळतंय ते पुढच्या जीआरपर्यंत.