पशुधन पर्यवेक्षक व्हायचंय? अर्ज कुठे अडतो ते आधी बघा

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाचं सरकारी पद महाराष्ट्रात 'पशुधन पर्यवेक्षक' या नावाने भरतात. अट ऐकायला सोपी आहे : दहावी आणि त्यावर पशुसंवर्धनाची मान्यताप्राप्त पदविका. 'नीट' ही प्रवेश परीक्षा लागत नाही, साडेपाच वर्षांची पशुवैद्यक पदवीही नाही. तरी कागदपत्र पडताळणीत मुलं बाद होतातच.

पहिली गोची पदविकेची. संस्था नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाशी (माफसू) संलग्न आहे का, हे प्रवेशाआधी विद्यापीठाकडूनच तपासा, संस्थेच्या फलकावर जाऊ नका. 'व्हेटरनरी असिस्टंट' नावाचा सहा महिन्यांचा घरबसल्या कोर्स इथे चालत नाही. केंद्राच्या 'मैत्री' योजनेचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण चांगलं आहे, पण ते कृत्रिम रेतनासाठी. त्याने पदविकेची जागा भरत नाही.

दुसरी गोची निकालाची. अर्जाच्या शेवटच्या तारखेला पात्रता पूर्ण झालेली हवी. 'शेवटचं सत्र दिलंय, निकाल येईलच' हे कोणी ऐकून घेत नाही. गुणपत्रकावरची तारीख बघतात.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नॉन-क्रिमीलेयरवर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्यावर. जातीचा दाखला एकदा काढला की झालं, हा दाखला मात्र मुदतीचा असतो. तो जाहिरातीत दिलेल्या तारखेला वैध हवा, पडताळणीच्या दिवशी नवा आणून भागत नाही. शिवाय केंद्राच्या नमुन्यातला आणि राज्याच्या नमुन्यातला दाखला वेगळा. सेतूत मागतानाच 'राज्याच्या भरतीसाठी' असं सांगा. जात वैधता प्रमाणपत्राची तऱ्हा आणखी न्यारी. प्रकरण जात पडताळणी समितीकडे महिनोन्‌महिने पडून राहतं आणि मुदत संपते ती उमेदवाराची! म्हणून जाहिरातीची वाट न बघता पदविका चालू असतानाच जात वैधतेचा अर्ज टाका.

लग्न झालेल्या मुलींनो, दहावीच्या गुणपत्रकावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद आत्ताच काढून ठेवा. लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्रावर न वाचता सही करू नका : 28 मार्च 2006 रोजी किंवा त्यानंतर झालेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल, तर उमेदवार अपात्र ठरतो.

आणखी एक. पदविका झाली की गावात लोक 'डॉक्टर' म्हणू लागतात. म्हणू द्या, पण तुम्ही तसा फलक लावू नका. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 प्रमाणे पदविकाधारकाला लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवाच देता येतात, त्याही राज्य शासनाच्या परवानगीने आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. पदविकेवर परिषदेची नोंदणी मिळत नाही, त्यामुळे ती 'करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

बाकी फोटो, सही, अधिवास जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे. फी भरल्याची पावती आणि भरलेल्या अर्जाची प्रत त्याच दिवशी छापून घ्या, नंतर संकेतस्थळ उघडेलच असं नाही.