ठाण्याहून जिऑलॉजी शिकायला

ठाण्यातल्या किंवा नेरुळमधल्या मुलीने बारावीनंतर ‘जिऑलॉजी घेते’ म्हटलं की घरचे आधी विचारतात, हे शिकवतात कुठे? प्रश्न रास्तच आहे. मुंबईत बी.एस्सी.ला भूशास्त्र देणारी महाविद्यालयं मोजकी. ओळखीचं नाव सेंट झेवियर्सचं, म्हणजे सीएसएमटीची लोकल आलीच.

हा विषय आपल्याकडे वर्गाच्या दारातून आलाच नाही. तो सरकारच्या गरजेतून आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण 1851 मध्ये स्थापन झालं, ते प्रामुख्याने कोळशासाठी. इथे मुंबईच्या परिसरात 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा पसरलेला, त्यात कोळसा कुठला? लक्ष बंगालकडे गेलं, आणि 1892 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भूशास्त्र शिकवायला सुरुवात झाली. मुंबईतले दगड तोवर हौशी लोक वाचत होते. हेन्री कार्टर हे पेशाने शस्त्रवैद्य. मुंबई बेटाच्या भूरचनेवरचा त्यांचा निबंध 1852 चा, म्हणजे ठाण्याला पहिली गाडी येण्याच्या आदल्या वर्षीचा.

मुंबई विद्यापीठाला संलग्न असलेल्या बडोदा कॉलेजात शिकलेले दाराशा वाडिया 1907 पासून जम्मूत हा विषय शिकवू लागले. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं त्यांचं भारताच्या भूशास्त्रावरचं पुस्तक 1919 मध्ये आलं. पुढच्या कितीतरी पिढ्या त्यावरच तयार झाल्या.

दुसरा धागा कुलाब्याचा. तिथल्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालत. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडतील, हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, आणि नोंदींची मालिका तुटू नये म्हणून सुमारे दोन वर्षं दोन्ही ठिकाणी मोजमाप चालू ठेवलं. इमारतीसाठी दगड आणला पोरबंदरचा, कारण आपल्या काळ्या पाषाणात चुंबकीय खनिजं असतात. या कामाचा वारसा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था 1971 मध्ये स्वायत्त झाली. तिचं मुख्यालय आज नवीन पनवेलमध्ये आहे.

पनवेलचं नाव भूशास्त्रात तसं आधीपासून आहे. घाटावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे दिसतात, पनवेलच्या आसपास मात्र ते समुद्राच्या बाजूला झुकतात. जे. बी. ऑडन यांनी 1949 मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हापासून याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. हातोडा आणि क्लिनोमीटर घेऊन निघालेल्या मुलांना थरांचा कल मोजायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. पारसिक-तुर्भ्याच्या खडीच्या खाणींनीही डोंगर कापून आतले थर उघडे केले आहेत (एरवी खाणींचं कौतुक करावं असं काही नाही). अडचण एवढीच की जिकडे जावं तिकडे बेसॉल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण. ग्रॅनाइट किंवा जुना वालुकाश्म पाहायचा तर सिंधुदुर्ग गाठावा लागतो.

1974 मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं आणि ‘याला नोकरी कुठे?’ या प्रश्नाला पहिल्यांदा ठोस उत्तर मिळालं. ओएनजीसीच्या संशोधन संस्था पुढे पनवेललाच आल्या. तरीही नुसत्या बी.एस्सी.वर फार लांब जाता येत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायचं तर यूपीएससीच्या परीक्षेला एम.एस्सी. लागते, त्यामुळे प्रवेश घेतानाच पाच वर्षांचा हिशेब धरावा.