धर्मशाळा

धर्मशाळा : यात्रेकरू, वाटसरू व निराश्रित यांना विनामूल्य अथवा नाममात्र आकार घेऊन तात्पुरता निवारा देणारी, दानातून उभारलेली वास्तू. येथे ‘धर्म’ हा शब्द दानधर्म या अर्थी आहे. विहीर, तळे, देऊळ, आमराई यांप्रमाणे धर्मशाळा बांधणे हेही ‘पूर्त’ कर्म, म्हणजे लोकोपयोगी पुण्यकर्म, मानले जाते.

उगमाविषयी मतभेद आहेत. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात (इ. स. पू. सुमारे 242) ‘अढकोसिक्य’ अंतरावर विहिरी खणल्याचा आणि ‘निंसिढया’ करविल्याचा उल्लेख येतो. पहिल्या शब्दाचा अर्थ कोरीव लेखांचे अभ्यासक ब्यूलर यांनी अर्धा कोस, तर फ्लीट यांनी आठ कोस असा लावला. दुसरा शब्द संस्कृत ‘निषद्या’शी जोडून काही अभ्यासक विश्रामगृह असा अर्थ घेतात, हुल्ट्श यांच्या मते त्या पाण्यात उतरण्याच्या पायऱ्या होत. हा शब्द विहिरींना लागूनच येत असल्याने पायऱ्यांचा अर्थ सहज बाजूला सारता येत नाही. म्हणून धर्मशाळेचा इतिहास या लेखापासून सुरू करण्याचा प्रघात जपूनच स्वीकारावा.

त्यापेक्षा भक्कम पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्रमांक 10 च्या लेण्यातील लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांची यादी असून त्याने भरुकच्छ (भडोच), दशपुर (मंदसोर), गोवर्धन (नाशिकजवळ) व शोर्पारग (सोपारे) येथे ‘चतुशालावसधप्रतिश्रय’ दिल्याचे म्हटले आहे. हा समास ‘चौसोपी विश्रामगृहे’ असा एकत्र वाचावा, की चतुःशाला (चौसोपी घर), आवसथ (निवासस्थान) व प्रतिश्रय (आश्रयस्थान) अशा तीन वेगळ्या वास्तू मानाव्यात, याचा निर्णय झालेला नाही. त्याच लेखात नद्यांवर फुकट नावा ठेवल्याची नोंद आहे. त्यामुळे तीनही शब्द प्रवाशाच्या सोयीसंबंधीच असावेत, एवढे म्हणता येते. नहपानाच्या लेखांतील 41 ते 46 ही वर्षे शक संवताची धरल्यास काळ इ. स. 119–124 येतो, ती राज्यवर्षे मानल्यास तो पहिल्या शतकात जातो. नाण्यांच्या अभ्यासामुळे अलीकडे दुसऱ्या मताकडे कल वाढला आहे.

अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थक्षेत्री घाट, अन्नछत्रे व धर्मशाळा बांधल्या.

जुनी धर्मशाळा वाटसरूसाठी होती, बेघरासाठी नव्हे. मुक्काम बहुधा दोन-तीन दिवसांचा असे. ज्याला परतायला घर आहे असाच पाहुणा त्यात गृहीत धरलेला. शिवाय अनेक धर्मशाळा जातवार होत्या. अस्पृश्य वारकऱ्याने पायी वारी करून पंढरपूर गाठले, तरी त्याला तेथे ओसरी मिळेलच असे नव्हते. ही उणीव गाडगे महाराजांनी (1876–1956) ओळखली. त्यांनी 1920 च्या सुमारास पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 मध्ये. म्हणजे देवाच्या दारी पाय ठेवण्याआधी सुमारे पाव शतक या लोकांना टेकायला हक्काची जागा मिळाली होती. 1949 मध्ये महाराजांनी ही वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. परीट समाजात जन्मलेल्या, खापराचे गाडगे घेऊन हिंडणाऱ्या या कीर्तनकाराने लोकांकडून वर्गणी मिळवून नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र त्यांत आयुष्य घालविले नाही. त्यांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ हे स्वतंत्र सूत्र आहे. ‘धर्मशाळा’ या शब्दाचा अर्थ वाटसरूच्या पलीकडे नेण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांनाच द्यावे लागते.

मुंबईत दादर येथील त्यांच्या मिशनची धर्मशाळा कर्करोगाच्या उपचारासाठी परगावाहून आलेल्या गरीब रुग्णांना व नातेवाइकांना आसरा देते. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि शहरातील खोलीचे भाडे परवडत नाही. अशा कुटुंबाला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, तर रुग्णालयाबाहेरचा पदपथच उरतो.

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17.7 लाख बेघर नोंदले गेले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहराच्या दर लाख लोकसंख्येमागे एक कायम निवारा अपेक्षित होता. हे रात्रनिवारे शासकीय असून धर्मशाळांहून वेगळे आहेत. मात्र भीक मागणे गुन्हा ठरविणारा 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम त्याच माणसांना लागू होतो, ज्यांच्यासाठी हे निवारे आहेत.