लाउडनेस वॉर: सीडीपेक्षा गेममधे बरा वाजलेला अल्बम

२००८ च्या सप्टेंबरमधे 'डेथ मॅग्नेटिक' हा मेटल अल्बम आला आणि त्याच दिवशी तो अख्खा अल्बम 'गिटार हीरो ३' साठी डाउनलोडलाही मिळायला लागला. लोकांनी दोन्हीकडे ऐकला, आणि प्लॅस्टिकच्या गिटारीवर रंगीत बटणं दाबायच्या खेळात तो सीडीपेक्षा चांगला वाजतोय हे कळायला फार वेळ लागला नाही. बँड कोणता ते सांगत बसत नाही, मेटल ऐकणाऱ्याला माहितीय आणि न ऐकणाऱ्याला फरक पडत नाही. पण तेव्हा शिव्या सगळ्या त्या एका अल्बमला पडल्या, दुखणं मात्र बरंच जुनं होतं: आपलं गाणं शेजारच्यापेक्षा मोठ्यानं वाजवायची शर्यत, तिलाच लाउडनेस वॉर म्हणतात.

फार मागं जात नाही. आपली रेकॉर्ड ज्यूकबॉक्समधे बाकीच्यांपेक्षा मोठ्यानं वाजावी ही धडपड पूर्वीपासून होतीच, फक्त तिथं रेकॉर्डवरची, सुई जिच्यातून फिरते ती खाच आडवी यायची. आवाज वाढवला की खाच रुंद होते, एका बाजूला मिनिटं कमी बसतात, आणि फारच ताणलं तर सुई उडते. १९८२ साली सीडी आली आणि हा अडथळा संपला. सीडीला वर छत आहे, १६ बिटमधला सगळ्यात मोठा आकडा ३२७६७, त्याच्या पुढं काही लिहिताच येत नाही, पण त्या छताला चिकटून किती गर्दी करायची याला काही मर्यादा नाही. गंमत म्हणजे खाली साधारण ९६ डेसिबलची मोकळी जागा पडलेली असते. सुरुवातीची माणसं जपून काम करायची, म्हणून ८०च्या दशकातल्या थ्रॅशच्या, म्हणजे वेगवान मेटलच्या, पहिल्या सीडी आज लावल्या की आधी पुचाट वाटतात, मग नॉब फिरवला की स्नेअर ड्रम छातीत बसतो.

खरा घोळ १९९४ पासून, वेव्ह्स कंपनीचं एल१ नावाचं लिमिटर आलं तेव्हापासून. हे सॉफ्टवेअर आवाज बाहेर पडायच्या आधी थोडं पुढचं बघून ठेवतं आणि छताच्या वर जाणारे शेंडे अलगद दाबतं. दोन स्लायडर, त्यातला एक खाली ओढला की गाणं मोठं. इतकं सोपं. पूर्वी हेच करायला महागडी यंत्रं आणि ती वापरणारा जाणकार कान लागायचा, आता कुणीही ओढू शकतो म्हटल्यावर सगळ्यांनी ओढला. माझ्या मते त्या दशकात संगीताच्या आवाजावर एवढा परिणाम दुसऱ्या कुठल्याच प्रोग्रॅमनं केला नाही, आणि तो वाईट प्रोग्रॅम होता असंही नाही, उलट फारच चांगला होता हीच अडचण. कारण कानाची खोड अशी की एकच गाणं एक-दोन डेसिबल मोठं ऐकवलं तर माणूस 'मोठं आहे' म्हणत नाही, 'भारी आहे' म्हणतो. मग प्रत्येकाला आपला अल्बम शेजारच्यापेक्षा एक-दोन डेसिबल वर हवा, शेजाऱ्यालाही तेच हवं, आणि १९९९-२००० पर्यंत सगळे छताला डोकं टेकून उभे.

इथं एका शब्दानं कायम वाट लावलीय, 'कॉम्प्रेशन'. एमपी३ करताना होतं ते कॉम्प्रेशन वेगळं, त्यात फाइल लहान होते. आणि हे दुसरं, ज्यात हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी होतं, फाइल तेवढीच राहते. दोन्हीला नाव एकच असल्यामुळं गेली वीसेक वर्षं 'आवाज चेपलेला आहे' अशी तक्रार केली की कुणीतरी येऊन 'लॉसलेस (काहीही न गाळता साठवलेली फाइल) घे ना मग' म्हणतोच. अरे बाबा, लॉसलेसमधे ते चेपलेलं जसंच्या तसं मिळतं, एक बिट इकडचा तिकडं होत नाही, रडगाणं तेच.

त्यावर उपाय म्हणून लोक आकड्यांकडे वळले आणि डीआर (डायनॅमिक रेंज) मीटर आलं, म्हणजे ढोबळमानानं सगळ्यात उंच शेंडा आणि गाण्यातल्या मोठ्या भागाची सरासरी यातलं अंतर. जुन्या थ्रॅश सीडी दहा-बाराच्या घरात, आणि 'डेथ मॅग्नेटिक' तीन. तीन! आकडा हातात आला की भांडायला मजा येते, पण तोही फसवतो. चेपलेल्याच मास्टरवरून (ज्यावरून कॉपी निघतात ती अंतिम प्रत) विनाइल रेकॉर्ड कापली आणि ती परत कॉम्प्युटरवर उतरवली तर मीटर चार-पाच पॉइंट जास्त दाखवू शकतं, कारण खाच कापताना केलेले फिल्टर आणि सुईचा प्रवास यात लाटेचा आकार बदलतो, छाटलेल्या जागी नवीन टोकं उगवतात. मेलेला स्नेअर त्यानं जिवंत होत नाही. 'विनाइलचा डीआर अकरा आहे' म्हणून दुप्पट पैसे मोजलेले लोक मला माहितीत (मी त्यातलाच एक, असो).

आता परत त्या गेमकडे. गेममधे नोट चुकली की फक्त गिटार गप्प व्हायला हवी, बाकीचा बँड चालू राहायला हवा, त्यामुळं गेम बनवणाऱ्यांना ड्रम, बेस, गिटार, गाणं असे वेगवेगळे ट्रॅक द्यावे लागतात. शेवटचं चेपणं होतं ते सगळं एकत्र केल्यावर, आणि गेमला पाठवलेले ट्रॅक त्या पायरीच्या आधीचे. म्हणून गेममधला आवाज बरा, कुणी मुद्दाम प्रेमानं चांगलं मिक्स करून दिलं होतं वगैरे काही नाही, चेपायचं राहून गेलं एवढंच.

मी तेव्हा दोन्ही फाइली ऑडॅसिटीत, म्हणजे आवाजाची लाट चित्रासारखी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, एकाखाली एक लावून बघितल्या होत्या. गेमवाली केसाळ, टोकं वर खाली. सीडीवाली वरखाली सपाट, वीटच. विटेत झूम करत गेलो, एका बास ड्रमच्या ठोक्यापाशी थांबलो, तर लाट वर चढते आणि टेबलासारखी सपाट होते, एकापाठोपाठ एक सगळी सॅम्पलं एकाच उंचीवर, मग परत खाली. ठोक्यातला ठोकाच काढून टाकलेला, उरलेली कचकच. नंतर सीडीवालीचा आवाज कमी करून दोन्ही सारख्या केल्या आणि डोळे मिटून ऐकल्या. वाद घालायला काही उरलं नव्हतं, निदान माझ्यापुरतं तरी.

ज्यानं मास्टर केलं त्यानं 'माझ्याकडे आलं तेव्हाच ते विटेसारखं होतं' असं सांगून हात झटकले. बँडकडून उत्तर आलं ते साधारण असं की आम्हाला असाच आवाज हवा होता. परत मिक्स करा म्हणून पिटिशन निघालं, दहा हजारांवर सह्या झाल्या, काही झालं नाही. बँडची बाजू अगदीच टाकाऊ होती असं नाही म्हणणार, करकरणारा, कानावर येणारा आवाज ही मेटलमधे निवड असू शकते, काही ब्लॅक मेटल तर त्याच्यावरच उभं आहे. पण निवड होती तर ती अँपमधे करायची, गिटारच्या टोनमधे करायची. सगळ्याची चटणी करून झाल्यावर वरून निवड म्हणायचं म्हणजे अतीच. शिवाय 'मेटल मोठंच हवं' हा युक्तिवाद मला कधी पटला नाही, शांत इंट्रो आणि रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) एकाच उंचीवर असतील तर रिफ मोठा कशाच्या तुलनेत? त्याच वर्षी नोव्हेंबरमधे गन्स अँड रोझेसचा 'चायनीज डेमोक्रसी' आला, चौदा वर्षं रखडलेला म्हणून त्याची टिंगल चालू होती, पण मास्टरिंगमधे त्यानं मोकळी जागा ठेवली आणि ते निदान लोकांच्या लक्षात तरी आलं.

पुढचं सगळं भराभर झालं, आणि संगीतवाल्यांनी केलं नाही. टीव्हीवर जाहिराती कानठळ्या बसवतात म्हणून तक्रारी होत्या, त्यातून आधीच २००६ मधे शेंड्याऐवजी ऐकू येणारा मोठेपणा मोजायची पद्धत ठरली, २०१० मधे युरोपातल्या प्रसारणवाल्यांनी मायनस २३ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं) हे माप धरलं, अमेरिकेत त्याच वर्षी जाहिरातींच्या आवाजावर कायदा झाला. गेम कन्सोलही टीव्हीच्याच आसपासच्या मापावर आले. नेटफ्लिक्सनं मायनस २७ घेतलं पण फक्त संवाद मोजून, म्हणून तिथं स्फोट वाटेल तेवढा मोठा आणि आपण रिमोट हातात धरून बसायचं. सिनेमावाल्यांचं रडगाणं बरोबर उलटं, तिथं चढउतार इतका की संवाद ऐकू येत नाही म्हणून बोंब, २०२० मधे 'टेनेट'च्या वेळी ती चांगलीच झाली.

स्ट्रीमिंगवाले साधारण मायनस १४ वर थांबले. म्हणजे मायनस ६ वर ठोकून बनवलेला अल्बम प्लेअर स्वतःच आठ डेसिबल खाली आणतो, शर्यतीतलं बक्षीसच गेलं, फक्त चेपल्याचं नुकसान शिल्लक. तरी आजही नवीन मेटल रिलीज उघडून बघा, वीटच दिसते. बनवणाऱ्यांना विचारलं तर सांगतात, क्लायंटला डेमोही तेवढाच मोठा लागतो, नाहीतर 'पंच नाही' म्हणतो. ज्या पोरांनी २००८ च्या आसपास ऐकायला सुरुवात केली त्यांच्यासाठी मेटल असंच वाजतं, चेपलेलं हाच आता 'मॉडर्न' टोन.

आणि हो, २०१५ मधे 'डेथ मॅग्नेटिक' आयट्यून्सवर परत आला, मोकळ्या मास्टरसह, फार गाजावाजा न करता. माझ्याकडं मात्र सीडी तीच आहे, आणि हार्डडिस्कच्या एका कोपऱ्यात गेमवाल्या फाइली.