काचेचे दोन आकडे: यू-व्हॅल्यू आणि एसएचजीसी यांत गल्लत कुठे होते

ऑफिसच्या इमारतीसाठी काच निवडायला बसलं की कॅटलॉगमध्ये यू-व्हॅल्यू आणि एसएचजीसी (सोलर हीट गेन कोइफिशंट) हे आकडे शेजारी-शेजारी छापलेले दिसतात. दोन्ही उष्णतेचेच, दोन्ही जितके कमी तितके बरे, त्यामुळे एक पाहिला की दुसरा पाहिल्यासारखाच वाटतो. ‘डबल ग्लेझिंग (दुहेरी काच) घेतलंय, म्हणजे संहितेचं काम झालं’ हे वाक्य याच गैरसमजातून येतं. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, या दोन आकड्यांना वेगवेगळ्या मर्यादा घालते, आणि एकात सहज पास होणारी काच दुसऱ्यात सपशेल नापास होऊ शकते.

यू-व्हॅल्यूचा संबंध फक्त तापमानाच्या फरकाशी आहे. बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटर काचेतून किती वॅट उष्णता पलीकडे जाते, ते ती सांगते. ऊन असो वा रात्र, तिचं काम चालूच असतं. एसएचजीसीचा संबंध फक्त उन्हाशी. काचेवर पडलेल्या सौर उष्णतेचा किती हिस्सा शेवटी खोलीत पोचतो, हे तो सांगतो. ०.२७ म्हणजे शंभरातले सत्तावीस. या हिश्श्यात आरपार आलेलं ऊन तर असतंच, शिवाय काचेनं आधी शोषून मग आतल्या बाजूला सोडलेली उष्णताही असते. गडद रंगीत काच डोळ्यांना थंड वाटते, पण ती स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आतच येते, म्हणून नुसत्या रंगानं एसएचजीसी फारसा खाली जात नाही.

आता हिशेब. पश्चिमेची भिंत, एप्रिलमधले दुपारचे चार, काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन, बाहेर ३४ अंश आणि आत २४. सहा मिलिमीटरची साधी पारदर्शक काच घेतली तर यू-व्हॅल्यू साधारण ५.७ आणि एसएचजीसी ०.८२. तापमानाच्या फरकानं ५७ वॅट आत येतात आणि उन्हानं ४९२, म्हणजे एकूण ५४९.

तीच काच दुहेरी केली, ६-१२-६ चं साधं डीजीयू (दुहेरी काचेचं युनिट), म्हणजे सहा मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये बारा मिलिमीटरची पोकळी, दोन्ही काचा पारदर्शक. यू-व्हॅल्यू निम्म्यावर, सुमारे २.८. एसएचजीसी मात्र ०.७० च्या आसपासच राहतो, कारण पारदर्शक काचेचा आणखी एक थर उन्हाला फारसा अडवत नाही. बेरीज २८ अधिक ४२०, म्हणजे ४४८. खर्च वाढला आणि उष्णता जेमतेम १८ टक्के घटली.

तिसरा पर्याय सोलर कंट्रोल लो-ई कोटिंगचं, म्हणजे सौर उष्णता अडवणारा पातळ लेप दिलेलं डीजीयू: यू-व्हॅल्यू १.८, एसएचजीसी ०.२७. आता १८ अधिक १६२, म्हणजे १८० वॅट. शंभर चौरस मीटरच्या फसाडवर (काचेच्या दर्शनी भिंतीवर) पहिल्या काचेला त्या घटकेला साधारण साडेपंधरा टन एसी लागतो, दुसरीला पावणेतेरा आणि तिसरीला पाच. भिंतीत साठणाऱ्या उष्णतेमुळे एसीचा खरा कमाल भार थोडा मागेपुढे होतो, पण प्रमाण हेच राहतं. आपल्या हवामानात दिवसा चालणाऱ्या ऑफिसला आधी एसएचजीसी पाहावा, मग यू-व्हॅल्यू.

संहिता काय मागते

ईसीबीसी २००७ साली आली आणि २०१७ मध्ये नव्यानं मांडली गेली. जोडलेला भार १०० किलोवॅट किंवा करार मागणी १२० केव्हीए, किंवा त्याहून जास्त असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी ती आहे. राज्यानं जी आवृत्ती अधिसूचित केली असेल तिचाच तक्ता हाताशी धरायचा. इथले आकडे २०१७ च्या आवृत्तीतले, मूळ अनुपालन पातळीचे आहेत.

त्यात खिडक्यांची कमाल यू-व्हॅल्यू सर्व हवामान विभागांना सारखीच आहे, ३.०. एसएचजीसी मात्र विभाग आणि दिशा पाहून बदलतो. उष्ण-दमट मुंबई असो की संमिश्र हवामानाचं नागपूर, उत्तर सोडून बाकीच्या दिशांना कमाल ०.२७. थंड विभागात हीच मर्यादा थेट ०.६२ वर जाते, कारण तिथे हिवाळ्यातलं ऊन आत यावं अशीच अपेक्षा असते. हिमाचलच्या प्रकल्पाचं काचेचं स्पेसिफिकेशन जसंच्या तसं ठाण्यात चिकटवलं, तर यू-व्हॅल्यू कदाचित जुळेल, एसएचजीसी नाही.

उत्तरेच्या भिंतीचा नियम अक्षांशावर ठरतो. १५ अंश उत्तर किंवा त्याच्या वर असलेल्या ठिकाणी उत्तरेला ०.५० पर्यंत सूट आहे, त्याखाली उत्तरेलाही ०.२७. उन्हाळ्यात सूर्य २३.४ अंशांपर्यंत उत्तरेला सरकतो, आणि जागा जितकी दक्षिणेला तितके जास्त दिवस दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं. मुंबईत हा काळ साधारण मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत असतो आणि त्यातला बराचसा ढगांखाली जातो. बेंगळुरूत तो एप्रिलअखेर सुरू होऊन ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतो. अख्खा महाराष्ट्र १५ अंशांच्या वर आहे. गोव्यात ही रेषा काणकोणच्या आसपास जाते, तेव्हा तिथल्या प्रकल्पाला अक्षांश तपासूनच उत्तरेची काच ठरवावी.

हे तक्ते विहित पद्धतीचे आहेत. या पद्धतीत प्रत्येक अट स्वतंत्रपणे पाळावी लागते. यू-व्हॅल्यू १.५ आणली म्हणून ०.४० चा एसएचजीसी खपत नाही. एकाची भरपाई दुसऱ्यानं करायची असेल तर इमारतीच्या आवरणाची अदलाबदल पद्धत किंवा संपूर्ण इमारतीचं सिम्युलेशन, असे वेगळे मार्ग आहेत आणि त्यांची कागदपत्रंही वेगळी.

मग यू-व्हॅल्यू कशाला हवी

एवढं वाचून यू-व्हॅल्यू बिनमहत्त्वाची वाटेल, तर नागपूरचा मे महिना घ्या. बाहेर ४५, आत २४. एकेरी काचेवर ऊन नसलं तरी तिच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३९ अंशांवर जातं. यू-व्हॅल्यू १.८ असेल तर ते २९ च्या आत राहतं. खिडकीशेजारी बसणाऱ्याच्या अंगावर त्या ३९ अंशांच्या पृष्ठभागाची धग येत राहते. खोलीतली हवा २४ अंश असूनही त्याला उकडतं, मग तो सेटिंग २१ वर आणतो आणि मजल्याच्या आतल्या भागात बसलेले लोक कुडकुडतात. एसएचजीसी कितीही कमी असला तरी हे टळत नाही. पावसाळ्यात मुंबईत एकेरी काच बाहेरून घामेजते तेही जास्त यू-व्हॅल्यूमुळेच: आतल्या एसीनं तिचा बाहेरचा पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली जातो.

कोटिंग केलेली एकेरी रिफ्लेक्टिव्ह काच ही साध्या डीजीयूच्या नेमकी उलट. तिचा एसएचजीसी ०.३० च्या खाली आणता येतो, यू-व्हॅल्यू मात्र साडेपाचच्या वरच राहते. ऊन अडलं, धग राहिली, आणि विहित पद्धतीत ती नापासच.

फ्रेम, छज्जा आणि उलटी बसलेली काच

फ्रेमबाबत संहिता दोन्ही आकड्यांना सारखं वागवत नाही. यू-व्हॅल्यू काच, पल्ला आणि चौकट मिळून अख्ख्या खिडकीची धरायची असते. एसएचजीसीला मात्र नुसत्या काचेचा आकडा चालतो. कॅटलॉगमध्ये शेडिंग कोइफिशंट (साध्या काचेच्या तुलनेत किती सौर उष्णता आत येते, तो आकडा) दिला असेल तर त्याला ०.८६ ने गुणून आलेला आकडाही चालतो. कॅटलॉगमधली यू-व्हॅल्यू बहुतेक वेळा काचेच्या मधोमधची असते आणि फसगत इथेच होते. थर्मल ब्रेक (मधला उष्णतारोधक तुकडा) नसलेला अ‍ॅल्युमिनियम सेक्शन उष्णता सहज वाहून नेतो, त्याची यू-व्हॅल्यू सातच्या घरात धरू. खिडकीच्या क्षेत्रफळात फ्रेम १५ टक्के असेल, तर २.८ च्या साध्या डीजीयूची खिडकी ३.४३ वर जाते आणि मर्यादा ओलांडते. १.८ ची काच त्याच फ्रेममध्ये २.५८ वर येते. स्पेसरजवळच्या, म्हणजे दोन काचांमधल्या कडेच्या पट्टीजवळचा तोटा यात अजून धरलेला नाही. काचेचे छोटे गाळे आणि जास्त उभे-आडवे सेक्शन असलेल्या कर्टन वॉलमध्ये (इमारतीबाहेर टांगलेल्या काचेच्या भिंतीत) फ्रेमचा वाटा वाढतो, म्हणून तिथे हातात मोकळीक ठेवावी.

छज्जाची गोष्ट उलटी. तो फक्त एसएचजीसीला मदत करतो. कायमस्वरूपी बाहेरच्या छज्जाला किंवा उभ्या पट्ट्यांना संहिता श्रेय देते, मात्र प्रोजेक्शन फॅक्टर निदान ०.२५ हवा. तो काढायला छज्जाची खोली भागिले खिडकीच्या तळापासून छज्जाच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. उंची १.८ मीटर आणि छज्जा ६० सेंटिमीटर असेल तर ०.३३ येतो. त्यावरून दिशेनुसार मिळणारा गुणक लावून थोड्या जास्त एसएचजीसीची, म्हणजे बहुधा स्वस्त काच बसवता येते. आतल्या रोलर ब्लाइंडला हे श्रेय नाही, कारण तोवर ऊन काचेच्या आत येऊन गेलेलं असतं.

गडद काचेनं एसएचजीसी गाठायला निघालं की तिसरा आकडा आडवा येतो: दृश्य प्रकाश किती आत येतो, म्हणजे व्हीएलटी. तोही तक्त्यात ०.२७ च आहे, पण ही किमान मर्यादा आहे. एका रकान्यात ०.२७ पेक्षा जास्त नको, दुसऱ्यात ०.२७ पेक्षा कमी नको. पुरवठादाराची मंजुरीची कागदपत्रं (सबमिटल) तपासताना हे दोन रकाने हमखास अदलाबदल होतात.

आणि साइटवरची चूक. डीजीयूचे पृष्ठभाग बाहेरून आत १ ते ४ असे मोजतात. आपल्याकडे सोलर कंट्रोल कोटिंग २ नंबरवर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवं. युनिट उलटं बसलं तर कोटिंग ३ नंबरवर जातं. यू-व्हॅल्यू जशीच्या तशी राहते, एसएचजीसी वाढतो, कारण शोषलेली उष्णता आता आतल्या काचेत साठते. कागद सगळे बरोबर असूनही खोली तापते. ओळखायला सोपं आहे: संध्याकाळी बाहेरच्या बाजूनं काचेसमोर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. चार प्रतिबिंबं दिसतील, त्यातल्या एकाचा रंग वेगळा असेल. तुमच्या बाजूनं दुसरं वेगळं दिसलं तर काच सरळ बसली आहे, तिसरं दिसलं तर उलटी. मचाण उतरायच्या आधी, प्रत्येक दिशेच्या काही युनिटवर हे करून घ्यावं.

टेंडरमध्ये ‘लो-ई डीजीयू’ एवढंच लिहू नये. अख्ख्या खिडकीची यू-व्हॅल्यू, प्रत्येक दिशेचा एसएचजीसी, व्हीएलटी, कोटिंग कुठल्या पृष्ठभागावर आणि फ्रेमला थर्मल ब्रेक आहे की नाही, हे पाचही स्वतंत्र ओळींत लिहावेत. पुरवठादाराकडून प्रत्येक आकड्याचं प्रमाणपत्र घ्यावं आणि सर्व आकडे एकाच मानकानं काढलेत याची खात्री करावी, कारण युरोपीय पद्धतीचा जी-व्हॅल्यूचा आकडा आणि एसएचजीसी हे जवळचे असले तरी एकच नाहीत. मर्यादा ०.२७ असताना ०.०२ चा फरकही पास-नापास ठरवतो.